इनुसभाईंचा डावा गुडघा

शिरूरच्या जुन्या पेठेत एक दुकान आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर बसायचं, एवढंच ते. त्याला पाटी नाही. पाटीवाचून कधी अडलंही नाही, कारण या मुलुखात जिथे म्हणून टाळ वाजतो, तिथल्या माणसाला या दुकानाची वाट ठाऊक असते. कवठे येमाईच्या देवळातला पखवाज इथला. शिक्रापूरला भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांनी पाळ्या सांभाळून भजनी मंडळ उभं केलं, त्यांचाही पखवाज इथलाच. ज्या कातड्यावरून हरिनाम उसळी घेतं, ते कातडं ताणणारे हात इनुसभाईंचे. किती कीर्तनं त्या हातांच्या जोरावर उभी राहिली, किती माना त्या नादावर डोलल्या, याची मोजदाद कोण करणार!

देवाने इनुसभाईंना दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या. कान आणि राग.

कान असा, की रस्त्याने जाणाऱ्या टेम्पोत ठेवलेला पखवाज खड्ड्यात हिसकला, तरी हे आतून ओरडत, "अरं, वादी सैल झालीय त्याची!" आणि राग असा, की एकदा चढला म्हणजे चढला. पखवाजाचा सूर हातोडीने उतरवता येतो. इनुसभाईंचा राग उतरवणारी हातोडी कुणी घडवली नव्हती.

कामाचा त्यांचा एक नेम होता, वडिलांनी, नूरमहंमद अब्बांनी, घालून दिलेला. पखवाजाला तोंडं दोन. उजवं लहान, मधोमध काळ्या शाईचा गोल असलेलं. डावं मोठं, ज्याला भिजलेल्या कणकेचा गोळा लावतात ते. गिऱ्हाईक उजव्या तोंडाची तक्रार घेऊन आलं, तर इनुसभाई आधी डाव्यावर थाप मारत. डाव्याची आणली, तर आधी उजव्यावर. कारण चामड्याची एकच पट्टी, तिलाच वादी म्हणतात, दोन्ही तोंडांतून ओवलेली असते. या टोकाला काही निसटलं की ओरड त्या टोकाला उठते. हा नेम त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

फक्त स्वतःच्या गुडघ्यापाशी आल्यावर तो त्यांना आठवला नाही.

नऊ वर्षांपूर्वी अब्बा गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली. घर वाटलं, हत्यारं वाटली, कातडी वाटली. अडलं ते अब्बांच्या पखवाजाच्या खोडापाशी. खैराचं एकसंध खोड, अब्बांनी स्वतः कोरलेलं, ज्यावर त्यांनी दोन्ही मुलांना पहिली थाप शिकवली ते. धाकटा दिलावर म्हणाला माझं, इनुसभाई म्हणाले माझं. शब्दाने शब्द वाढला, हात वाढले, आणि दिलावरने रागाच्या भरात त्या खोडाला लाथ मारली. खोड ओट्यावरून घरंगळलं आणि खाली उभ्या असलेल्या इनुसभाईंच्या उजव्या गुडघ्यावर आदळलं. त्याच दुपारी दिलावर खोड घेऊन दौंडला निघून गेला. स्टेशनाच्या बाजूला त्याने दुकान थाटलं. त्याचं नाव झालं. रेल्वे वसाहतीतली भजनी मंडळं, भीमेकाठची गावं, सगळी त्याच्याकडे जाऊ लागली.

इनुसभाईंनी त्या दिवसापासून भावाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची वेळ आलीच, तर ते आपल्या गुडघ्यावर थाप मारून दाखवत. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

खरं बोलायचं तर तो मार पंधरा दिवसांत बरा झाला होता. गुडघ्याला सूज आली ती गेल्या दीड वर्षात. पण सुडाचं गणित वेगळं असतं. त्यात मधली साडेसात वर्षं गळून पडतात. बायको शहाबानो एकटीच ती वर्षं विसरायला तयार नव्हती.

"मार लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सायकलवर न्हावऱ्याला गेला हुता," ती म्हणे. "येताना कलिंगड आणलं हुतं. इतकं मोठं. गुडघा दुखणारा माणूस कलिंगड आणतो व्हय सायकलवर?"

"तू भावाच्या बाजूनं बोलतीस का माझ्या?"

"मी कलिंगडाच्या बाजूनं बोलतीय."

पण दुखणं खोटं नव्हतं. सकाळी उठल्यावर तास-दीड तास गुडघा लाकडासारखा होई. वादी ओढताना खोड गुडघ्याखाली दाबून धरावं लागतं, ते बंद झालं. मशिदीत सगळे गुडघे टेकून सजद्याला झुकत, तेव्हा इनुसभाई मागच्या भिंतीला खुर्चीत बसलेले असत. देवापुढे गुडघा टेकता येईना, हे शल्य त्यांना कुठल्याही कळेपेक्षा जास्त टोचे. आणि दर वेळी, खुर्चीत बसताना, त्यांच्या मनात प्रार्थनेच्या आधी दिलावर उभा राही. असा पाच वेळा दिवसातून तो त्यांच्या मनात जेवत होता आणि पुष्ट होत होता.

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून चिठ्ठी दिली, की दौंडला डॉक्टर गौतमी दर गुरुवारी येतात, सांध्यांच्या डॉक्टर आहेत, सोनोग्राफीचं यंत्र लावून गुडघा आतून पाहतात, त्यांना दाखवा. आणि दौंडच्या सप्त्याची पत्रिका आली. काल्याच्या दिवशी, गुरुवारी, 'वडिलांची कला पुढे नेणारे पखवाजकार' म्हणून दिलावर यांचा सत्कार.

तोच गुरुवार, तेच दौंड! इनुसभाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि वर पाहिलं. न्याय मागायला त्यांनी कुठल्या दारात जायचं बाकी ठेवलं नव्हतं, आज न्याय चालत दारात आला होता. सकाळी यंत्राने गुडघ्याचा फोटो काढायचा. दुपारी भर मंडपात उभं राहायचं, पायजमा गुडघ्यावर घ्यायचा आणि फोटो फडकवून म्हणायचं, मायबाप हो, ज्याला शाल घालताय, त्याच्या लाथेचा हा प्रताप आधी बघून घ्या.

शहाबानोला त्यांनी बेत सांगितला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी येती संगं. कुणीतरी पायजमा खाली करायला पायजे."

शिरूरच्या स्टँडवर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या सोजराबाईने हटकलंच. "इनुसभाई, सकाळीच कुठं?"

"दौंडला. सोनोग्राफी हाय."

सोजराबाईने शहाबानोकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला. "या वयात गं बाई?"

"माझी न्हाई, ह्यांची हाय," शहाबानो म्हणाली. "तिसरा महिना लागलाय. रागाचा."

दौंडच्या दवाखान्यात खोलीच्या दारावर मोठी पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. इनुसभाई ती वाचून अवघडले, पण आत गेल्यावर डॉक्टर गौतमींनी, "या मामा, बसा," म्हटलं आणि त्यांना बरं वाटलं. बाई दौंडच्याच, रेल्वे वसाहतीत वाढलेल्या. आजोबा रुळांवर काम करणारे. बोलण्यात पुण्याचं शिक्षण आणि दौंडची माया दोन्ही होती.

"मॅडम, ह्यात नऊ वर्षं मागचं दिसतं का?"

"यात आजचं दिसतं, मामा. गुडघा थोडा वाकवा. खाली टॉवेल ठेवते."

थंड जेल लागलं. वाटीच्या वरच्या अंगाला बाईंनी यंत्राचा दांडा टेकवला आणि पडद्यावर करड्या रंगाचं एक वेगळंच जग उघडलं. "ही पांढरी रेघ, हे हाड. त्याच्यावरचा हा काळा पट्टा, हे पाणी. एवढं नसायला हवं. आणि पाण्याच्या कडेला ही झालर दिसते? सांध्याचं आतलं अस्तर. सुजून जाड झालंय." त्यांनी एक बटण दाबलं. "आता हात अगदी हलका धरते. जोर दिला तर रक्ताची हालचाल दबून जाते, दिसत नाही."

इनुसभाईंनी त्या हाताकडे पाहिलं. शाई घोटताना शेवटच्या थराला असाच हात लागतो, असलेला आणि नसलेला. या बाईला काम येतं, हे त्यांना तिथेच कळलं. आणि त्याच क्षणी पडद्यावर, त्या करड्या झालरीत, ठिणग्या उडाव्यात तसे लाल-केशरी ठिपके लुकलुकायला लागले.

"सूज जागी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हे सगळं जास्तीचं रक्त तिथे धावतंय."

इनुसभाई पडद्याकडे झुकले. दीड वर्ष जे कुणाला दाखवता आलं नाही, ते डोळ्यांसमोर जळत होतं. सापडला! चोर रंगेहाथ सापडला! ती प्रत्येक लाल ठिणगी त्यांना दिलावरच्या टाचेची खूण वाटली. "ह्याचा फोटो द्या मॅडम," ते म्हणाले. "मोठा द्या. लांबनं दिसंल असा."

"देते. आता डावा गुडघा."

"तो बरा हाय. त्याला कुणी हात बी लावला न्हाई."

"तरी दाखवा. मी नेहमी दोन्ही पाहते. न दुखणारा पाहिल्याशिवाय दुखऱ्याचं नीट कळत नाही."

इनुसभाईंनी डावा गुडघा पुढे केला. हे वाक्य त्यांनी अब्बांच्या तोंडून ऐकलं होतं, दुसऱ्या शब्दांत, हजार वेळा.

जेल लागलं. पांढरी रेघ आली. तिच्यावर काळा पट्टा आला, जरा अरुंद. झालर आली. डॉक्टरांनी हात हलका केला. आणि झालरीत लाल ठिपके लुकलुकले. थोडे, पण तेच.

"इथेही आहे," बाई म्हणाल्या. "उजव्याच्या त्रासात याच्याकडे लक्ष गेलं नसेल तुमचं."

"जिन्यात डावा बी धरत्यात," शहाबानो कोपऱ्यातून म्हणाली. "मी बघितलंय."

"मॅडम, त्याला लाथ न्हाई बसली," इनुसभाई म्हणाले. एखाद्या साक्षीदाराने उलटावं आणि वकिलाने त्याला समजवावं, तसे. "लाथ उजव्याला बसली."

डॉक्टरांनी हातांचे सांधे दाबून पाहिले, मनगटावर दांडा फिरवला, रक्ताचा कागद पुन्हा वाचला. "मामा, मार लागून झालेलं असतं तर ते त्या एका गुडघ्याशी थांबलं असतं. हा संधिवात आहे. दोन्ही गुडघ्यांत आहे, मनगटांत सुरू होतोय. शरीराची राखण करणारी फौज असते ना, ती आपल्याच सांध्यांना परकं समजते आणि त्यांच्यावर चाल करून जाते."

"म्हंजी बाहेरचं कुणी न्हाई?"

"नाही."

"घरातलंच."

"घरातलंच," डॉक्टर म्हणाल्या. "पण आवरता येतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, ठरलेल्या वाराला. रोज घ्यायची नाही, हे लक्षात ठेवा. अधूनमधून रक्त तपासायचं. सहा महिन्यांनी पुन्हा यंत्र लावू. ठिपके विझलेले दिसले पाहिजेत मला."

चकचकीत कागदाची पट्टी हातात आली. तिच्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. उजवा, डावा.

बाहेरच्या बाकावर इनुसभाई बसून राहिले. माणसाला बरं होण्याची वाट सापडली होती, आणि चेहरा मात्र लुटल्या गेलेल्या माणसाचा होता. नऊ वर्षं ज्या निखाऱ्यावर फुंकर घातली, ज्याच्या उबेने हाडं शेकली, तो एका बाईने थंड जेल लावून विझवला! मग त्यांनी पट्टी गुडघ्यावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून नीट मधोमध घडी घातली. डावा गुडघा मागे गेला. पुढे उजवा राहिला, एकटा, लाल.

"चांगली पडली घडी," शहाबानो म्हणाली. "आणि डावा गेला कुठं?"

"मंडपात एवढाच दाखवणार."

"मंडपातल्यांना दिसायचा न्हाई. वरच्याला दिसंल ना?"

"चल," इनुसभाई म्हणाले, आणि घडी खिशात घातली.

मंडप भरलेला होता. बुक्क्याचा वास, ताकात कालवलेल्या लाह्यांचा वास, हजार माणसांचा उकाडा. व्यासपीठावर दिलावर बसला होता, डोक्याला फेटा, समोर हार. इनुसभाईंनी त्याला नऊ वर्षांनी पाहिलं, पण त्यांची नजर त्याच्यावर ठरली नाही. ती खाली गेली. पखवाजवादक महेंद्रबुवांच्या मांडीवर अब्बांचं खोड होतं. खैराचा तोच तांबूस रंग, कुशीला तीच गाठ. तेल पाजून पाजून तकतकीत ठेवलेलं. इनुसभाईंनी खिशातली घडी चाचपली. आता सूत्रसंचालक उठेल, शाल येईल, आणि मग आपण उठायचं.

महेंद्रबुवांनी थाप मारली. थांबले. पुन्हा मारली. उजवं तोंड उतरत होतं. ते दिलावरकडे झुकून काही बोलले. दिलावर पुढे सरकला, हातोडी घेतली आणि उजव्या तोंडाला ठोकू लागला. सूर चढला. दोन थापांत पुन्हा उतरला. त्याने पुन्हा ठोकलं. सूत्रसंचालक माइकवर म्हणत होते, "वडिलांची कला ज्यांनी जशीच्या तशी जपली..." तिसऱ्यांदा ठोकलं. पुन्हा उतरला.

इनुसभाईंचे दात आवळले गेले. हीच वेळ होती. सगळा मंडप व्यासपीठाकडे बघत होता. ते उठले, हात खिशात गेला, घडी बोटांत आली, छाती भरून श्वास घेतला, आणि नऊ वर्षं साठवलेलं वाक्य सोडून तोंडातून भलतंच बाहेर पडलं:

"अरं गाढवा! आधी दुसरं तोंड वाजव!"

टाळ थांबले. हजार माना वळल्या. दिलावरने वर पाहिलं नाही. त्याची हातोडी मात्र हवेतच राहिली. तो आवाज कुणाचा, हे पाहावं लागणार नव्हतं.

इनुसभाई लंगडत निघाले. माणसं बाजूला झाली. व्यासपीठावर त्यांना खाली बसता येईना, तेव्हा कुणीतरी खुर्ची दिली. कीर्तनकार महाराज जाणते होते, ते गालात हसून मागे सरले. "उलटं कर," इनुसभाई म्हणाले. "माझ्या पुढं धर. असं न्हाई, गुडघ्यावर बस. नीट."

हार घातलेला, फेटा बांधलेला दिलावर भर मंडपात भावाच्या पायाशी गुडघे टेकून बसला. आणि ते दृश्य, खोटं कशाला बोला, इनुसभाईंनी डोळे भरून पाहिलं. त्यांनी डाव्या तोंडावर थाप मारली, कान लावला, आणि कडेच्या वेणीत बोट घातलं. एका जागी वादी झिजून निसटायला आली होती.

"ही कवा बघितली हुतीस?"

"भाई, सकाळी..."

"सकाळी आरशात फेटा बघत हुतास."

पुढच्या रांगा खळखळून हसल्या. ते हसू इनुसभाईंच्या अंगाला साखरेच्या पाण्यासारखं लागलं. त्यांनी वादी ओढली, दिलावरने खोड दाबून धरलं. ओढ म्हटलं की त्याने ओढलं, सोड म्हटलं की सोडलं. दोघांचे हात नऊ वर्षांनी एका वादीवर होते आणि त्यांना काही शिकवावं लागत नव्हतं. शेवटी इनुसभाईंनी उजव्या तोंडावर बोट टाकलं. असा नाद उठला, की बसलेली माणसं सरळ झाली आणि टाळांचा गजर सुरू झाला.

त्या गजरात दिलावर खाली मान घालूनच बोलला, त्यांनाच ऐकू जाईल असं. "भाई, गुडघा अजून दुखतोय? लोकं सांगत हुती. मी त्या दिवसापासून... ती लाथ मला झोपू देत न्हाई."

आता खिशातला कागद काढायचीही गरज नव्हती. नुसतं "दुखतोय" म्हटलं असतं, तरी दिलावर जन्मभर त्या एका शब्दाखाली दबून मेला असता. यापेक्षा मोठा सूड कुठला? इनुसभाईंच्या जिभेवर तो शब्द आला. ते क्षणभर त्याची चव घेत राहिले. मग त्यांनी घडी काढली, उलगडली आणि भावाच्या डोळ्यांपुढे धरली.

"दोन्ही सुजल्यात. हे बघ, उजवा. हे बघ, डावा. रक्तातलं दुखणं हाय. गुडघ्याचा गुन्हा तुझा न्हाई."

दिलावरच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. डोळे भरले, ओठ हलले. ती सुटका इनुसभाईंना बघवेना.

"एवढा खुश होऊ नको! अब्बांच्या खोडाला लाथ मारलीस तू. ज्याच्यावर पहिली थाप शिकवली त्या खोडाला. ती माफ न्हाई. ती कवाच माफ न्हाई."

"मग काय करू, भाई?"

"काला झाला की खोड शिरूरला येणार."

दिलावरने खोडावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. "न्या," तो म्हणाला. "आणि पुढच्या सप्त्याला?"

"मागायला ये. दुकान बारीक हाय. तुला पायरीवर बसावं लागंल."

त्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगलं ते असं रंगलं, की दहीहंडी फुटल्यावरही लोक उठेनात. शाल दिलावरलाच मिळाली. इनुसभाईंनी ती घेऊ दिली. खोड त्यांनी घेतलं.

संध्याकाळच्या एसटीत त्यांनी ते मांडीवर आडवं घेतलं. कंडक्टर म्हणाला, चाचा, वर ठेवा. त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक खड्ड्याला खैराचं ते ओझं दोन्ही गुडघ्यांवर सारखंच बसत होतं, आणि आज पहिल्यांदा दोन्ही गुडघे सारखेच दुखत होते. शहाबानोने ठरलेल्या वाराची गोळी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती.

"आता नमाजाला खुर्चीत बसल्यावर कुणाला शिव्या देणार?" तिने विचारलं.

इनुसभाईंनी डाव्या तोंडावर हलकी थाप मारली, मग उजव्यावर.

"खोड पुसून बघतो आधी," ते म्हणाले. "एक जरी ओरखडा सापडला ना त्याच्या हातचा..."

शहाबानोने खिडकीबाहेर पाहिलं. न्हावऱ्याच्या फाट्यावर कलिंगडाचे ढीग लागले होते.